एकदा दिलेला मळा

"जे मनं नही, ते मनं म्हनीसन मी लिखू कसं?" जे माझं नाही ते माझं म्हणून लिहू कसं, असं आपल्या अहिराणीत म्हणून आबा उपरणं झटकायचे आणि माझ्या ओसरीवरून उठायचे. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आजही नुसतं आठवलं तरी माझं डोकं फिरतं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं असा रिवाज आहे. बोलेन मी. पण आधी मला रागावू द्या.

भडगावजवळ गिरणेच्या काठी त्यांचं गाव. मी जळगावात वकिली करायचो. बांधाच्या एका तंट्यात ते माझे अशील झाले, आणि तंटा मिटल्यावरही कोर्टाकडे काही काम निघालं की पिशवीभर लिंबं घेऊन माझ्याकडे टेकायचे. असे लोक तुम्हीही पाहिले असतील. हातभर बांधासाठी शेजाऱ्याला कोर्टात खेचतील, मोजणीचे नकाशे पेटीत जपतील, तलाठ्याला भंडावून सोडतील. कागदावर एवढा विश्वास! पण तो परक्यांपुरता. घरच्या माणसाशी कागद करायचा म्हटलं की आबांना ती शिवी वाटायची.

त्यांना एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगी लवकर विधवा झाली आणि सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. आबांनी स्वतःच्या कमाईतून विहिरीचा एक मळा, त्यांच्या बोलीत 'मया', घेतला होता; तो ती कसू लागली. पुढे आबांची बायको वारली. तिच्या तेराव्याला दानाचा विधी चालला असताना आबांनी भटजींना थांबवलं, मुलीला पुढे बोलावलं आणि साऱ्या भाऊबंदांसमोर तिच्या ओंजळीत पाणी सोडून मळा तिला दिला. पाण्याचा तांब्या मुलानेच धरला होता.

हे सगळं त्यांनी मला मोठ्या अभिमानाने सांगितलं. मी कपाळाला हात लावला.

"आबा, नुसतं पाणी सोडून जमीन कुणाच्या नावावर होत नाही. कचेरीत जाऊन बक्षीसपत्र रजिस्टर करा."

"एक डाव दिधं, परत कसं दिऊ?"

"मग मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार आणा, बाकीचं मी बघतो. माझ्या मालकीचा मळा माझ्यामागे मुलीला मिळावा, एवढंच लिहायचं."

"मना मालकीना? वकीलसाहेब, मया तिना शे. खोटं लिखसु त वर जाईसन तिनी मायले काय सांगू?"

"आणि मुलगा फिरला तर?"

"तो कसा फिरी? तांब्या कोनी धरा व्हता? त्यानीच ना!"

मी ओरडायचो. माझा आवाज चढला की आतून बायको चहा पाठवायची. आबा तो बशीत ओतून निवांत प्यायचे, मी दुसऱ्याच कुणावर ओरडतो आहे अशा चेहऱ्याने. चहा संपला की माझ्याच मुलांची विचारपूस करून निघायचे. इतका सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि इतका हट्टीही.

जर्मनांशी दुसरी लढाई सुरू झाली त्या हिवाळ्यात आबा तापाने गेले. कागद झाला नव्हता तो नव्हताच. दिवस घालून होताच मुलाने तलाठ्याकडे वारस म्हणून आपलं नाव लावलं आणि बहिणीला मळा सोडायला सांगितलं. ती माझ्याकडे आली. मी दावा लावला. दावा लंगडा आहे हे मला ठाऊक होतं, पण त्या मुलाला भर कोर्टात उघडं पाडायचंच, या इरेला मी पेटलो होतो.

तो पिंजऱ्यात उभा राहिला.

"तुझ्या वडिलांनी हा मळा बहिणीला दिला होता की नाही?"

"दिधा साहेब. पानी सोडं. बठ्ठासमोर सोडं."

"तांब्या कुणी धरला होता?"

"मीच धरा व्हता."

खोटं बोलला असता तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. खरं बोलणाऱ्याचं काय करणार? गावचे साक्षीदार आले, तेही सगळे खरं बोलले. मुन्सफांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "रजिस्टर केलेला कागद आहे?" कागद नव्हता. मळा मुलाचा ठरला. त्याला खोटं बोलायची गरजच पडली नाही, याची चीड आजही माझ्या मनातून जात नाही. कायद्याची चीड आली, त्या निर्लज्जाची आली, पण सगळ्यांत जास्त आली आबांची. खरेपणाची हौस यांनी करायची आणि भोगायचं पोरीने!

कोर्टाच्या पायऱ्यांवर ती मला म्हणाली, "वकीलसाहेब, मंग आबा खोटा ठरना का?"

"नाही बाई," मी म्हटलं.

ती जळगावातच राहिली, कापसाच्या जिनात कामाला लागली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्या खानदेशात आखाजीला लेकीबाळी माहेरी जाऊन झोके खेळतात, भाऊ न्यायला येतो. रात्रभर बैलगाडी हाकून तो पठ्ठ्या सकाळी माझ्याच दारात उभा! हातात नवं लुगडं. तिचं घर विचारत होता.

"बहीन शे मनी. आखाजीले लेवाले नको जावाले?"

त्याला दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं. पण त्याच्या तोंडावर लबाडी दिसेना, आणि त्यानेच मी जास्त संतापलो. तरी घर दाखवायला सोबत गेलो.

तिने त्याला बसवलं, पाणी दिलं, भाचरांची चौकशी केली. लुगडं घेतलं, कपाळाला लावलं आणि बाजूला ठेवलं.

"चाल अक्का," तो म्हणाला. "मयामा झोका बांधेल शे."

"मया मना शे, भाऊ," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मनाच मयामा मी पाहुनी म्हनीसन कशी येऊ?"

तो खाली मान घालून गाडीत बसला. तिने बैलांना पाणी दाखवलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. रिकामी गाडी वळली. मी रस्त्यात उभा होतो. आबांवर ओरडावं म्हणून तोंड उघडलं, तर ऐकून घ्यायला आबा नव्हते.