शेवटच्या पायरीवरची हळद

फेब्रुवारीत उरणजवळच्या द्रोणागिरीतल्या आमच्या सोसायटीच्या स्विमिंग पूलला नवं प्लास्टर झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात पाणी सोडलं. त्याच दुपारी पूलची पूजा झाली आणि शेवटच्या पायरीवर लाल डाग पडला.

पूल वर्षभर बंद होता. जुन्या प्लास्टरचे पोपडे निघत होते. तो सुरू होण्याची खरी घाई एकाच घराला होती, आमच्या. दिवाळीनंतर माझे पती उरणच्या रस्त्यावर स्कूटरवरून पडले आणि त्यांच्या गुडघ्याची वाटी फुटली. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण गुडघा वाकेना. डॉक्टर म्हणाले, कमरेएवढ्या पाण्यात रोज चालवा. उन्हाळ्यात सुटला नाही, तर भूल देऊन जोर लावून वाकवावा लागेल, आणि त्यात काय होईल याची खात्री देता येत नाही.

बेलापूरला पूल आहे. पण ताठ पायामुळे त्यांना गाडीच्या मागच्या सीटवर आडवं बसावं लागे, आणि वाटेत कंटेनरचे ट्रेलर अडले की गाडी जागची हलत नसे. दोनदा गेलो. तिसऱ्यांदा ते लिफ्टपासूनच मागे फिरले. त्यानंतर ते गॅलरीत बसत. गॅलरीतून खाली रिकामा पूल दिसे आणि कंपाउंडपलीकडे एकावर एक रचलेले कंटेनर.

नव्या पूलच्या पाण्याकडे कोण बघणार, असा प्रश्न कमिटीत निघाला तेव्हा मी हात वर केला. नवं प्लास्टर काही आठवडे चुना सोडत राहतं. त्याने पाण्याचा पीएच चढतो आणि सुटलेला चुना पिठासारखा तळाला बसतो. तो सकाळ-संध्याकाळ लांब दांड्याच्या ब्रशने उठवायचा, पाणी तपासायचं, बादलीभर पाण्यात मोजून ॲसिड मिसळायचं आणि ते कडेकडेने पूलमध्ये सोडायचं. या काळात गावाला जाणं नाही, लग्नकार्य नाही. कॉन्ट्रॅक्टरच्या सुपरवायझरने दोन गोष्टी बजावल्या होत्या. भरताना पाणी मध्येच थांबवायचं नाही, नाहीतर तिथे कायमची रेघ उमटते. आणि ब्रश मारताना कुठलीही जागा सोडायची नाही. चुना एकदा धरून बसला की पाय सोलवटतात. मग पूल रिकामा करून पुन्हा घासाई, म्हणजे थेट पावसाळ्यानंतर.

पूजा होणारच होती. आमचे अध्यक्ष इथल्याच गावचे. सोसायटी उभी आहे तिथे त्यांच्या वडिलांची भातखाचरं होती. विहीर असो, बोअर असो, नवी होडी असो, त्यांच्या घरात तिची ओटी भरल्याशिवाय ती वापरात येत नाही. पाणी चालू ठेवूनच पूजा करायची, एवढं मी कबूल करून घेतलं. नारळ बाहेर कठड्यावर वाढवला. मग अध्यक्षांच्या पत्नींनी मूठभर हळद पाण्यात सोडली. पाणी तेव्हा शेवटच्या पायरीवर नुकतंच चढलं होतं. हळद पायरीवर पसरली, बसली आणि बघता बघता लाल झाली.

बायका पुढे वाकून बघू लागल्या.

"हलदीचा कुकू झाला," अध्यक्षांच्या पत्नी म्हणाल्या. "देवी पावली."

सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे तिथल्या निम्म्या जणींना माहीत असणार. त्या वेळी कुणी बोललं नाही.

पूल भरल्यावर तपासणीच्या नळीत पाणी घेऊन रसायनाचे थेंब टाकले. रंगांच्या तक्त्यावर सर्वांत चढ्या पीएचचा रंग गुलाबी होता. नळीतला त्याच्याही पुढे, जांभळट.

पहिल्या सकाळी ब्रश त्या पायरीपाशी आला तेव्हा अध्यक्षांच्या पत्नी फिरायला खाली उतरल्या होत्या. ती पायरी तेवढी राहू द्या, असं त्यांनी सांगितलं. कारण विचारल्यावर जवळ आल्या आणि आवाज खाली आणला.

"बाईमान्सानी कुकू घासून काढाचा नसतो, वहिनी. आनी तुमच्या घरान तर आजारपन हाय."

मी ती पायरी सोडून बाकीचा पूल घासला. संध्याकाळीही तसंच केलं. पुढचे काही दिवस तसेच गेले. दिवसाची बांधणी ठरून गेली होती: पूल, पतींची आंघोळ, पायाचे व्यायाम, स्वयंपाक, पूल. मी खाली असताना ते वरून बघत आणि वर असताना मी खाली बघत असे. पीएच ॲसिडने उतरे, सकाळी पुन्हा चढलेला असे.

एका सकाळी वरच्या पायऱ्यांवर उतरून, वाकून पाण्यात हात घातला आणि त्या पायरीवरून फिरवला. नुकती टाकी लावलेल्या पाट्यासारखी ती खरखरीत लागत होती. पाण्यात उतरताना त्यांची टाच टेकणार ती याच पायरीवर. सुपरवायझरला फोन केला. तो म्हणाला, अजून ओलं आहे, आज घासलंत तर निघेल, आठवड्याने घासून उपयोग नाही.

वर जाऊन मी पतींना सगळं सांगितलं. आतापर्यंत सांगितलं नव्हतं.

"त्यांना सांग," ते म्हणाले, "कुंकवाचा धनी गॅलरीत बसलाय आणि त्याला पाण्यात उतरायचंय."

"तुम्हीच सांगा."

"खाली उतरता आलं असतं तर सांगितलंच असतं."

शेवटी त्यांनी अध्यक्षांना फोन लावला. काय बोलले ते मी ऐकलं नाही. मी कुकर लावत होते. संध्याकाळी मी ब्रश घेऊन खाली गेले तर अध्यक्षांच्या पत्नी पूलच्या कडेला उभ्या होत्या. हातात कुंकवाचा करंडा. त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, नेहमीपेक्षा मोठं.

"आता घासा," त्या म्हणाल्या. "मी बगत नाय." आणि पाठ फिरवून तिथेच उभ्या राहिल्या.

खरखर बरीच निघाली. लाल रंग ब्रशने निघाला नाही. पुढे पीएच खाली येऊन टिकू लागला तशी ती जागा लालची पिवळी झाली, आणि क्लोरीन सुरू केल्यावर उन्हात विरत गेली. डाव्या कोपऱ्यात हाताएवढा पट्टा खरबरीतच राहिला. तिथे रबरी चटई टाकली.

मार्चअखेर पूल उघडला. पाण्याचा पीएच साडेसात होता, हवा तेवढा. ते लिफ्टने खाली आले, कठडा धरून पायऱ्या उतरले, उथळ बाजूला एक फेरी चालले आणि बाहेर आले. त्या दिवशी गुडघ्यात फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरले, आणि मग रोजच.

एप्रिलच्या तपासणीत डॉक्टरांनी गुडघा वाकवून मोजला. काटकोनाला अजून थोडा कमी पडतो. भूल देण्याची तारीख त्यांनी पुढे ढकलली आहे. रद्द केलेली नाही.