सासऱ्याचं नाक

गोंडपिपरीच्या अलीकडल्या एका लहानशा दवाखान्यात रंजीता नाकात काडी घालून तपासणीचे नमुने घ्यायची. गावाने तिचं नाव पाडलं होतं ‘नाकवाली’. बाजारात ती वांगी निवडायला थांबली की बाया पदराने नाक झाकायच्या. “आज सोड वं बाई, काडी घालशील!” रंजीताही कमी नव्हती. “तुयं नाक जागेवर कुठी आहे? ते तं शेजारणीच्या घरात असते,” असं ऐकवूनच पुढे जायची.

काम मात्र तिला येत होतं. चंद्रपूरहून येणाऱ्या डॉक्टर दिव्यानी मॅडमनी पक्कं शिकवलं होतं: नाकाच्या तोंडाशी नेहमीचे जंतू मुक्कामालाच असतात. सायनसचा पू उतरतो आत, मधल्या फटीत. दुर्बिणीतून बघत, कडेला न टेकवता काडी तिथवर न्यायची. दारातल्यालाच धरून आणलं तर मार त्याला बसतो आणि घरातला चोर मोकाट राहतो.

अन् एक दिवस खुर्चीत येऊन बसला तिचा सासरा, मुखरूभाऊ. कपाळ ठणकत होतं, नाकातून पिवळं वाहत होतं, गोळ्या खाऊन गुण नव्हता. आता आली का पंचाईत! त्यांच्या घरात सून सासऱ्यापुढे ताट ठेवून मागे सरायची. त्याने कधी मान वर करून तिचं तोंड पाहिलं नव्हतं. मुखरूभाऊने डोळे गच्च मिटले. रंजीताने पदर ओढला, दुर्बीण बाजूलाच ठेवली, नाकपुडीच्या काठाशी काडी फिरवली आणि ‘सुटले एकदाची’ म्हणाली.

तपासणीत जंतू निघाला. त्याचं औषध सुरू झालं. पण आतला पू डोळ्याकडे सरकला आणि मुखरूभाऊचा डावा डोळा सुजून बंद झाला.

“औषध लागू का होत नाही?” मॅडम कोड्यात पडल्या. “नमुना आतूनच घेतला होतास ना?”

“हो,” रंजीता म्हणाली. चंद्रपूरला न्यायला गाडी बोलावली होती. सासू वच्छलाबाई पिशवी भरत होती. रंजीता परत वळली.

“मॅडम, खोटं बोलली मी. काडी काठालाच लावली. मामाजीच्या तोंडाले हात लावायची लाज वाटली.”

मॅडमचा चेहरा उतरला. वच्छलाबाई कडाडली, “लाज? डोया जाऊन राह्यला न माणसाचा!”

“तिले काऊन बोलतेस?” मुखरूभाऊ पुटपुटला. “मी बी डोये मिटून बसलो होतो. घे बाई, पुन्हा घे.”

मॅडमनी दुर्बीण धरली. रंजीताने एका हाताने सासऱ्याची हनुवटी उचलली, दुसऱ्याने काडी थेट मधल्या फटीत नेली.

“पोचली का वं?”

“पोचली, मामाजी.”

“मंग काढ लवकर!”

नमुना गाडीत ठेवला. मॅडमनी त्याचा उजवा डोळा तळहाताने झाकला आणि डाव्याची सुजलेली पापणी अलगद उचलली. “भाऊ, समोर कोण आहे?”

“सून आहे. बांगड्या वाजल्या.”

“वाजलेलं नको, दिसतं काय ते सांगा. वर बघा.”

मुखरूभाऊने जन्मात पहिल्यांदा सुनेकडे मान वर केली. रंजीताने डोक्यावरचा पदर मागे सारला आणि श्वास धरून उभी राहिली. तो बराच वेळ बघत राहिला.

“आहे कोणीतरी,” तो म्हणाला. “धुक्यातल्यावानी.”