राईतलं एक शेकरू

आहुप्याच्या सोनीबाईची लेक वैजयंती. पोरीला जनावरांचं वेड किती, तर शाळेत सातचा पाढा येईना, पण कुणाच्या म्हशीच्या कुठल्या कानाला चीर आहे ते झोपेतही सांगायची. लंगडं कुत्रं आण, घरट्यातनं पडलेली चिमणी आण, एकदा तर घोरपडीचं पोर! सोनीबाई कपाळाला हात लावायची. "आगं भवाने, माणसांना जागा ठिवशील का न्हाई?"

गावाच्या वरच्या अंगाला भैरोबाची राई आहे, देवाच्या नावानं राखलेलं रान. तिथली काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही, पडलेला आंबाही तिथंच बसून खायचा, असा गावाचा नेम. वैजू दहा वर्षांची असताना उन्हाळ्यात वावटळ आली, राईतल्या एका जुन्या झाडावरलं शेकरूचं घरटं खाली पडलं आणि त्यात मूठभर पिल्लू. पोरीला नेमबिम कुठला आठवतोय! फ्रॉकमध्ये गुंडाळलं नि थेट घरी. नाचणीच्या कणगीमागं लपवलं, कापसानं शेळीचं दूध पाजलं. तिसऱ्या दिवशी पिल्लू गेलं. गोठ्यामागं पुरलं तिनं, आणि कुणाला अवाक्षर सांगितलं नाही.

राईची राखण कुशाबातात्याकडं. शेकरूची मादी दोन दिवस ओरडत फांद्या पालथ्या घालतीये, हे बघून त्यानं ओळखलं. गाव जमवलं नि विचारलं, "राईतनं कुणी काय नेलं?" कुणी पुढं येईना. मग तात्यानं पायातल्या वहाणा काढून भैरोबापुढं ठेवल्या. "नेणारा येऊन सांगंस्तोवर ह्या पायात घालायच्या न्हाईत." वैजू आईच्या पदराआड उभी होती. बोलली का? छे! पदर आणखी घट्ट धरला.

तिथून पुढं तात्या रोज तिच्या दारावरून अनवाणी जायचा. उन्हाळ्यात तापल्या कातळावरून, पावसाळ्यात काट्याचिखलातून. वैजूला ते पाय बघवायचे नाहीत. ती उठून राईत जायची आणि मान मोडेस्तोवर शेकरं बघत बसायची. पडलेल्या पिल्लाचं आई काय करते, एवढंच तिला हवं होतं, आणि ते गावात कुणालाच नीट सांगता येईना. म्हणून ती शिकत गेली. मंचरच्या कॉलेजात एका पुस्तकात तिला सापडलं: मादी पिल्लाला तोंडात धरून दुसऱ्या घरट्यात नेते. म्हणजे आपण हात लावला नसता, तर ते जगलं असतं. त्या दिवशी पोरगी जेवली नाही.

पुढं पुणं झालं, मोठी पदवी झाली. एकोणतिसाव्या वर्षी वैजयंती तीन वर्षांचं काम घेऊन गावी आली, शेकरांची नि त्यांच्या घरट्यांची मोजणी. वनखात्याचं पत्र होतं हो, पण राईत कागद चालत नाही. काम करायचं तर भैरोबाच्या शिळेवर हात ठेवून सांगायचं, "राईचं काही माझ्याकडं नाही." ज्यानं नेलंय त्याला आत मज्जाव. एक वाक्य खोटं बोलली असती तर तीन वर्षं पदरात होती. खरं बोलली तर सगळं पाण्यात.

सगळ्या गावासमोर तिनं हात ठेवला. मग उचलला.

"तात्या, त्या सालचं पिल्लू मी नेलं होतं."

"झालं!" सरपंच गेणभाऊ म्हणाले. "आता कसली मोजणी नि कसलं काय!"

कुशाबानं विचारलं, "जगलं का गं?"

"नाय तात्या. तिसऱ्या दिवशी गेलं. गोठ्यामागं पुरलंय."

"तिथली मूठभर माती आण."

ती पळत गेली, पळत आली. तात्यानं ती माती तिलाच त्या जुन्या झाडाच्या बुंध्याशी टाकायला लावली आणि म्हणाला, "आलं माघारी. आता आईक वैजे, एक तुझ्यामुळं कमी झालं. बाकी किती उरल्यात ते तूच मोजायचं. एक जरी चुकलीस तर गाठ माझ्याशी हाय."

गेणभाऊंनी मान डोलावली. वैजयंतीला रडू आवरेना. देवापुढच्या वहाणा वाळून वाकड्या झाल्या होत्या. तिनं त्या ओढणीनं पुसल्या, तात्याच्या पायाशी ठेवल्या. म्हाताऱ्यानं पाय घातले, चार पावलं टाकली, थांबला आणि काढून ठेवल्या.

"बोचत्यात गं," तो हसून म्हणाला. "पायांची सवय मोडली. ऱ्हाऊ दे. चल, पयलं घरटं म्या दावतो."

तो पुढं निघाला. वैजयंतीनं बूट काढले, वही घेतली नि मागं चालू लागली. घरटी सगळी वर, फांद्यांत. पण तिची नजर काही तात्याच्या भेगाळलेल्या टाचांवरून हलेना.