हरेश्वरवर धरलेला राग

हरेश्वर गेल्याचं मला सकाळच्या शिफ्टच्या बसमध्ये कळलं. मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, "काल गेला, हार्ट अटॅक." खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की चला, आता त्याचं तोंड बघायला नको... याला दीड महिना झाला.

मी सांगलीकडचा, तो तारापूरजवळच्या गावातला. बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात आम्ही दोघं रसायनं शिजवायच्या टाकीवर, म्हणजे रिअ‍ॅक्टरवर होतो, दोघंही कंत्राटी. जेवायला शेजारी बसायचो. तो डब्यात सुकट आणायचा आणि मी पडलो शाकाहारी. त्याचा डबा उघडला की मी नाक दाबून दोन हात लांब सरकायचो. "हऱ्या, तुझा समुद्र घेऊन तिकडं बस!" तो खो खो हसायचा. "घाटी लोकांना समुद्र झेपत नाय!"

मग एका आठवड्यात त्यानं रोज सुकट आणली. रोज माझ्या डब्याला खेटून आपला डबा उघडायचा आणि न हसता माझ्याकडं बघत बसायचा. मी जेवत राहायचो. मला वाटलं, हा मुद्दाम खिजवतोय. पुढच्या सोमवारी साहेबांनी मला पॅकिंगला टाकलं. म्हणाले, "तुझाच दोस्त सांगत होता, तू रिअ‍ॅक्टरवर मंद पडतोस." दोन महिन्यांत मी शिफ्टचा मुख्य होणार होतो. झालं! तळपायाची आग मस्तकात गेली. तिथून पुढं आठ वर्षं मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही.

आपलं मन किती हलकट असतं बघा. हा माणूस वाईट, असं एकदा ठरलं की त्याचं पुढचं सगळं वागणं वाईटच दिसतं. माझ्या मुलीच्या बारशाला त्यानं वाडीतले चिकू पाठवले, मी म्हटलं, पाप धुतोय. बायकोच्या ऑपरेशनला रक्त द्यायला आला, मी म्हटलं, चारचौघांत मोठेपणा मिरवतोय. दूध करपून खोली भरली तरी मला वास येत नाही, हे मधल्या काळात बायकोनं दाखवून दिलं होतं. पण ते आणि त्याची ती सुकट शेजारी ठेवून बघावं, असं या टाळक्यात कधी आलं नाही.

तेराव्याला लोकलाजेखातर गेलो. त्याच्या बायकोनं, वहिनींनी, ओळखलं. म्हणाल्या, "भाऊ, तुमचं नाक बरं झालं का?"

"नाकाचं तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"ते म्हणायचे, सुकट नाकाखाली ठेवली तरी याला पत्ता नाय. गॅस सुटला तर हाच पयला मरेल. साहेबाला खरं सांगितलं तर याला घरीच बसवतील, म्हणून मंद हाय असं सांगितलं."

आमच्या कामात गळती यंत्राआधी नाकाला कळते. हे मला शिकवलं होतं त्यानंच.

आता चिकू, रक्त, ते टक लावून बघणं, सगळं उलगडलं. म्हणून काय झालं? अजून कुणी त्याचं नाव काढलं की आधी माझे दात-ओठ आवळले जातात, खरं काय ते मागाहून आठवतं. आठ वर्षांची सवय, जाता जात नाही. आणि आठवलं तरी सांगू कुणाला? ज्याला सांगायचं तो गेला. आग लागो या शहाणपणाला.

त्या दिवशीही मी सहज हार मानली नाही. वहिनींना विचारलं, "मग मला तोंडावर का नाही सांगितलं त्यानं?"

"आले होते की. तुमाला पॅकिंगला टाकलं त्याच आठवड्यातल्या रविवारी, तुमच्या खोलीवर. तुमची बायको म्हणाली, गावाला गेलेत."

मी कुठंही गेलो नव्हतो. पडद्यामागं बसून मीच तिला तसं सांगायला लावलं होतं.

"घरी आल्यावर मला म्हणाले," वहिनी खाली बघत म्हणाल्या, "त्याच्या चपला दारातच होत्या. जाऊ दे, राग उतरला की येईल तो."