म्हशीनं खाल्लेली पाकिटं

मी कोल्हापुरातल्या एका पेठेत अंगणवाडी सेविका आहे. स्वभाव तापट. पेठेत ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मला त्याची कधी फार लाजही वाटली नव्हती.

आमच्या गल्लीत म्हशी पाळणारं एक घर आहे. संध्याकाळी त्यांच्या म्हशी चौकातल्या दूधकट्ट्यावर उभ्या राहतात आणि लोक समोर काढलेलं फेसाळ दूध ग्लासानं पितात. त्या घरची दोन वर्षांची पोरगी माझ्या यादीत होती. वजन कमी, म्हणून वजनं नोंदवायच्या सरकारी मोबाईलमध्ये तिच्या नावापुढं पिवळा रंग. पण दर महिन्याला थोडी थोडी चढत होती, हिरव्यात यायला फार राहिलं नव्हतं. सरकारकडून येणारी पोषण आहाराची पाकिटं तिची आई न चुकता घेऊन जायची. मला आपलं वाटायचं, पाकिटानं गुण दिला.

एकदा सहज त्यांच्या गोठ्यात डोकावले, तर ही बया पेंडीच्या घमेल्यात आमचं पाकीट फोडून ओततेय. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"अगं, पोरीच्या तोंडचं म्हशीला घालतीस?"

ती काही घाबरली नाही. "पोरगी थुकतीया ते, बाई. म्हशीला घातलं की दुधात उतरतंय. आन् पहिला ग्लास उकळून पोरीलाच असतोय. मग गिऱ्हाईक."

खरं सांगते, क्षणभर मला ते पटलं. पेंड चांगली असली की दूध घट्ट उतरतं हे इथं शेंबडं पोरही सांगेल, मग पाकिटानंच काय घोडं मारलंय? पण प्रशिक्षणात शिकवलेलं डोक्यात होतं, आणि राग चढलेला. म्हणाले, "तुझं दूधबिध राहू दे. पाकिटात सगळं असतंय. उद्यापासून पोरीला तेच घाल, न्हाईतर नाव कमी करीन." उचलली जीभ लावली टाळ्याला. नाव कमी करायचा मला अधिकारसुद्धा नाही.

पुढच्या महिन्यात तिनं पोरीला वजनाला आणलं. वजन उतरलेलं. काट्याची बॅटरी बदलली, शेजारच्या अंगणवाडीतला काटा मागवला, त्यावरही तेच. पिवळा जाऊन लाल रंग आला होता. पोरीचे दंड बघवत नव्हते.

"पाकीट खातीया न्हवं?"

"सकाळ-संध्याकाळ. रडतीया, पर मी बसून घालतीया."

"आणि दूध?"

"दूध कशाला? पाकिटात सगळं असतंय, तुमीच म्हणालासा की. तो ग्लास आता गिऱ्हाइकाला जातोय."

हिनं माझं एक अक्षर खाली पडू दिलं नव्हतं. इतकी वर्षं ऐकत नाहीत म्हणून बायकांवर खेकसत आले, आणि जिनं ऐकलं तिची पोरगी वाळली. चूक पाकिटाची, म्हशीची, की माझी, काही म्हणता काही कळेना.

"आधी दवाखान्यात चल," मी म्हणाले. "आणि आजपासनं दूध चालू कर."

"आन् पाकीट?"

"दुधात कालवून बघ थोडं."

"न्हाईच खाल्लं तर?"

"तर घाल म्हशीला."

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला खरंच उमगत नव्हतं. "मग मागल्या महिन्यात वरडलासा कशाला?"

मी रिक्षाला हात केला. दवाखान्यात रांग होती. ती केसपेपर काढायला गेली, तेव्हा पोरीला माझ्या मांडीवर ठेवून गेली. मांडीला भारच लागेना. पोरगी आहे ना जागेवर, हे बघायला मला दोनदा मान खाली घालावी लागली.