उभा केलेला स्क्रीन

तेरखेड्यात फटाक्यांच्या पाकिटांवरची लेबलं घरच्या कंप्युटरवर जुळवायची, हे माझं काम. रॉकेटचं लेबल लांबट असतंय. आडव्या स्क्रीनवर ते पुरं मावेना, म्हणून एका सकाळी मी स्क्रीनच उभा करून भिंतीला टेकवला, सेटिंगमधूनही फिरवला. लई शहाणपणा केल्यासारखं वाटलं.

दुपारी बघतो तर अक्षरांच्या कडांना लाल-निळी झाक! आमच्या आण्णांची, म्हणजे वडलांची, नजर काचबिंदूनं गेली, आणि सुरुवात दिव्याभोवती रंगीत कडी दिसण्यापासनंच झाली होती. हा आजार घराण्यात उतरतो, असं डॉक्टर बोलले होते.

बायकोला हाक मारली. खरं कारण सांगितलं नाही. "हे अक्षर कसं दिसतंय गं?"

"दिसतंय की चांगलं," म्हणाली अन् गेली कुकर उतरवायला. झालं! म्हणजे खोट माझ्यातच. पण डोळ्यांवर संशय घेण्यापेक्षा स्क्रीन विकणाऱ्या दुकानदारावर घेतलेला बरा. फोन लावून झापलं, "जुना माल गळ्यात मारलात व्हय?"

त्यानं उलट विचारलं, "स्क्रीनवरच्या सगळ्या खिडक्यांत तसंच दिसतंय का?"

'पेटवून लांब व्हा' ही ओळ मी नुकत्याच टाकलेल्या नव्या प्रोग्राममध्ये लिहिली. तिथं अक्षर स्वच्छ! बिघडलेला डोळा शेजारच्या खिडकीत कसा सुधारेल?

"स्क्रीन उभा केलाय का?" त्यानं विचारलं. ह्याला कुणी सांगितलं?

त्यानं समजावलं. स्क्रीनच्या प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवी, निळी अशा तीन चिरा शेजारी-शेजारी असतात, त्यांच्या आधारानं अक्षराची कड गुळगुळीत करतात. स्क्रीन उभा केला की चिरा एकमेकींवर येतात. खिडक्या मांडणाऱ्या डिस्प्ले सर्व्हरला ते ठाऊक असतं, पण जुन्या प्रोग्रामचं अक्षरं रंगवणारं टूलकिट त्याला विचारतच नाही, जुन्याच हिशेबानं रंग भरतं. नव्या प्रोग्रामनं रंगांची भानगडच सोडलीय, नुसत्या करड्या कडा.

मला पटेना. गोड बोलून कटवतोय, असंच वाटलं. तरी स्क्रीन आडवा केला, सेटिंग परत फिरवलं. झाक गेली! मी आनंदानं ओरडलोच.

ओसरीवर बाजेवर बसलेल्या आण्णांनी विचारलं, "काय झालं रं?" सगळं सांगितलं, हसत हसत. ते हसले न्हाईत.

"म्या बी आधी बल्बच बदलला होता," म्हणाले. "चार दिवस बरं वाटलं. दिवा लाव अन् बघ."

दिवेलागण झालीच होती. बटण दाबलं. आण्णा तोंड माझ्याकडं करून बसले.

"काय दिसतंय?"

कडं नव्हतं. खरंच नव्हतं. "साधा दिवा दिसतोय, आण्णा."

"तुझ्या आईला म्या बी हेच सांगायचो," ते म्हणाले आणि पायानं चपला चाचपू लागले. "चल. दवाखाना उघडा असंल अजून."