ॲक्सिलरेटरवरचा पाय

सातवीत शाळा सोडलेल्या या माणसाला सगळे 'डिग्री' म्हणत. जुन्या गाड्यांचं टायमिंग लावताना त्याच्या तोंडी सारखं तेच: चार डिग्री पुढे, दोन डिग्री मागे. इंजिनात ठिणगी नेमकी कधी पडावी ते ठरवायचं, एवढंच त्याचं काम. ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर मुठीत धरून केसभर फिरवायचा आणि टायमिंगच्या दिव्याच्या झपक्यात इंजिनाच्या पुलीवरची खूण जुळवायची.

पण हे काम एकट्याचं नाही. जुनं इंजिन आपोआप एका वेगावर टिकत नाही. आत बसून कुणाला तरी ॲक्सिलरेटर हलकेच धरावा लागतो. तीस वर्षं बायको बसली. तिला गाडी येत नव्हती, दहा फूटही कधी नेली नाही. सीटवर आपली उशी टाकून, मांडीवर ताट घेऊन शेंगा सोलत बसायची. उघड्या बॉनेटआडून तो ओरडायचा, "चढव! धर! सोड!" नवराबायकोचं दिवसभराचं बोलणं बहुतेक तेवढंच.

दोन वर्षांपूर्वी ती लेकीच्या बाळंतपणाला गेली. "दोन महिन्यांत येते," म्हणाली. नातू आता बोलायला लागला. दर रविवारी फोन. "जेवलात का?" "जेवलो." "बरं." संपलं. 'ये' म्हणणं त्याच्या जिभेवर यायचं आणि तिथेच बसकण मारायचं.

पेडलवर आता लाकडाचा ठोकळा अडकवलेला असे. त्याला तो मनातल्या मनात 'सवत' म्हणायचा.

त्या मंगळवारी पोस्टमास्तरांची गाडी तिसऱ्यांदा परत आली. निवृत्त पोस्टमास्तर म्हणजे जुन्या गाडीचं उरलंसुरलं एकच गिऱ्हाईक.

"चढावर मुंगी पुढे जाते, डिग्री. आणि बॉनेटवर चहा उकळेल. विकून टाकतो आता. वहिनी होत्या तेव्हा असं नव्हतं."

चूक कळायला त्याला वेळ लागला नाही, हेच जास्त झोंबलं. ठोकळा पेडल धरतो, पण ऐकत नाही. इंजिनाचा वेग जरा वाढला की डिस्ट्रिब्युटरच्या आतली वजनं फाकतात, ठिणगी लवकर पडते, खूण पुढे सरकलेली दिसते. ती त्याने मागे ओढली होती, तिन्ही वेळा. मग रस्त्यावर ठिणगी कायम उशिरा. वेग वाढलेला असताना खूण जुळवू नये, हाच धडा त्याने आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवला होता.

"मास्तर, तुम्ही बसा आत."

पोस्टमास्तरांनी पेडल असं हाणलं, जसा शिक्काच मारतायत. इंजिन बोंबललं आणि बंद पडलं. चार वेळा तसंच. शेवटी डिग्रीने फोन लावला.

"काय झालं?" बायको घाबरली. "आज रविवार नाही! बरे आहात ना?"

"बराय. जरा ऐक." स्पीकर लावून त्याने फोन सीटवर ठेवला. इंजिन पुन्हा बोंबललं.

"अगं बाई! कोण बसलंय? पाय आहे का मुसळ?"

"मी, वहिनी."

"भावजी होय! चप्पल काढा आधी. टाच खाली टेकवा, नुसत्या अंगठ्याने धरा. पावलात थरथर लागते ना? ती जाऊ देऊ नका. थरथर गेली की वेग वाढला समजायचं."

डिग्री बॉनेटशी ऐकत उभा राहिला. तीस वर्षं ती अनवाणी बसायची? त्याने तिचा पाय कधी पाहिलाच नव्हता. मध्ये बॉनेट असायचं.

इंजिन संथ, एका लयीत चालू लागलं. त्याने खूण जुळवली, बोल्ट आवळला. पोस्टमास्तर चढावर निघाले. "गेली वर तर हॉर्न देतो. नाही दिला तर विकली समज."

डिग्रीने फोन कानाला लावला. "अंगठ्याचं कधी बोलली नाहीस."

"विचारलंत कधी?"

लांबून, चढाच्या टोकावरून, हॉर्न आला. एक मोठा, मग दोन छोटे.

"ये आता," तो म्हणाला. आपलाच आवाज ऐकून दचकला.

पलीकडे नातू रडायला लागला. "उठला वाटतं. करते मग फोन," ती म्हणाली आणि ठेवला.

त्याने सवतीला शेडमागे भिरकावलं. फळीवरची बायकोची उशी झटकून उन्हात स्टुलावर ठेवली, शेजारी फोन. ऊन कलत गेलं, भिंतीवर चढलं, विझलं. फोन वाजला नाही. त्याने उशी आत आणली, आणि जरा वेळाने मागे जाऊन ठोकळाही.